बसलेल्या माणसाची हवा

केशव गेला हे मला धरमपेठेतल्या पानठेल्यावर कळलं. चुना लावता लावता पानवाला म्हणाला, "तुमचे ते बाटल्यावाले साहेब गेले ना जी, आज सकाळी." पान तसंच हातात राहिलं... महिना झाला, मी पान खाल्लेलं नाही. खरं सांगतो, रागच येतो त्याचा. इतक्या घाईनं जायचं काही कारण होतं का!

केशव उमरेडच्या कोष्ट्याचा मुलगा. आई जन्मभर मागावर बसलेली. हा शिकून रसायनतज्ज्ञ झाला, आणि स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत आलो. तो कायम, मी हंगामी, म्हणजे एका चुकीत घरी जाणारा. कारखान्यांतल्या हवेत विषारी वायू आहे का ते पाहायचं, हे काम. साधन काय, तर सायकलच्या कॅरिअरला बांधलेल्या दोन बाटल्या. वरच्या बाटलीतलं पाणी खालच्या बाटलीत सोडायचं. पाणी उतरलं की तेवढीच बाहेरची हवा नळीतून आत ओढली जायची, आणि वाटेत एका द्रावणातून बुडबुडत यायची. हवेत क्लोरीनचा नुसता मागमूस असला तरी द्रावण निळं व्हायचं.

कामठीच्या वाटेवर कापड पांढरं करायचा एक कारखाना होता. तिथली सगुणाबाई, मूळची पारशिवनीकडची, खोकून खोकून बेजार झाली होती. मालक म्हणे ढोंग करते, हवा स्वच्छ निघाली की घरी पाठवतो. आम्ही गेलो तेव्हा ती जमिनीवर बसून ओल्या कापडाच्या घड्या सोडवत होती. म्हणाली, "साहेब, उभ्यानं काय समजते? खाली बसून पाहा ना." केशव हसला. "बाई, हवा सगळीकडे सारखीच राहते." नळी माझ्या हातात होती, छातीशी धरलेली. द्रावण पाण्यासारखं राहिलं. हवा स्वच्छ असल्याच्या अहवालावर केशवनं सही केली आणि आठवड्याच्या आत सगुणाबाईचं काम गेलं.

दिवाळीत तो उमरेडला गेला. आई मागावर, हा दारात उभा राहून गप्पा मारतोय. ती म्हणाली, "काहून गा उभा? बस ना खाली." तो बसला, तिच्या तोंडाशी तोंड आलं, आणि त्याला सगुणाबाई आठवली... क्लोरीन हवेपेक्षा जड, खाली साचणारा. हे त्यानं परीक्षेत लिहिलं होतं म्हणे! परत आला तसा मला घेऊन कारखान्यात गेला आणि जमिनीवर मांडी ठोकून बसला. पाणी उतरू लागलं आणि बघता बघता द्रावण निळंशार झालं.

नव्या अहवालात त्यानं स्वतःच्या नावावर लिहिलं, "पहिला नमुना मी चुकीच्या उंचीवर घेतला." मी म्हणालो, "अरे, नळी तर..." "गप ना बे वसंता! सही माझी आहे." त्याची बढती त्यात बुडाली, आणि मी गप्पच राहिलो. कारखान्याच्या भिंतींना जमिनीलगत झरोके पडले, सगुणाबाईला परत बोलावणं गेलं. पण तिच्या छातीत जोरच उरला नव्हता. केशव बसनं पारशिवनीला जाऊन तिची माफी मागून आला. "काय म्हणाली रे?" "म्हणाली, मी तुमाले सांगतलं होतं ना साहेब. अन् चहा दिला." त्यानंतर तो बाटल्यांसोबत एक काठी न्यायचा. बसलेल्या बाईच्या नाकाच्या उंचीवर काठीला लाल सूत बांधलेलं. नळी तिथंच धरायची, त्याच्या वर नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. काठी दाराआड तशीच उभी होती. वहिनी खाली तांदूळ निवडत होत्या. मीही शेजारी बसलो, तर लाल सूत बरोबर माझ्या नाकासमोर आलं, आणि इतक्या वर्षांचं तोंडून निघून गेलं. "वहिनी, तेव्हा नळी माझ्या हातात होती."

त्यांचा हात थांबला नाही. "माहीत आहे मले. त्यायनं तेव्हाच सांगतलं होतं. म्हणे, वसंताले काही बोलू नोको वं, त्याचं लगन जमून राहिलं."