बांधावरचा उंबर

कोथरूडहून टेकडीला वळसा घालून गेलं, की एक छोटं मातीचं धरण लागतं. बांधलं होतं शेतीसाठी; पण मागची शेतं बिल्डरांनी खाल्ली आणि ते आमच्यासारख्या सकाळी फिरणाऱ्यांचं झालं. आई बांधावर एका दगडावर बसायची, बाबा फेऱ्या मारायचे. "अहो, बसा की जरा," ती म्हणायची. पण एका जागी बसणं बाबांच्या रक्तातच नव्हतं. माझ्याही नाही.

फिरायला येणाऱ्यांनी तिथे एक प्रथाच पाडली होती. घरातलं कोणी गेलं, की बांधाच्या उतारावर त्याच्या आठवणीचं झाड लावायचं. आई गेल्यावर बाबांनी तिच्या दगडाशेजारी उंबर लावला. रोज घरून बाटलीभर पाणी न्यायचे. एका गृहस्थांना राहवलं नाही. "समोर अख्खं तळं भरलंय, अन् तुम्ही घरून पाणी आणता?"

"तिला बाहेरचं पाणी चालायचं नाही," बाबा म्हणाले.

काही वर्षांनी तिथे सरकारी पाटी लागली. बांधावरची सगळी झाडं काढणार. मुळं मातीत शिरतात, पुढे कुजतात, त्या वाटेनं पाणी झिरपतं आणि बांध खचतो. मी भडकलेच. फोन करून भांडले, झाडं लावताना झोपला होतात का म्हणून विचारलं. पलीकडचे साहेब शांतपणे म्हणाले, "ताई, खाली वस्ती आहे." ते खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. बाबा घरभर येरझाऱ्या घालत होते. उंबर मुळासकट काढून दुसरीकडे लावता येईल, एवढीच आशा उरली होती.

झाडं काढायच्या आदल्या दिवशी आम्ही कुदळ घेऊन गेलो. बाबांनी बुंध्याशी उकरलं. मनगटाएवढं मूळ थेट बांधाच्या पोटात गेलं होतं.

"अजून खणू या," मी म्हटलं.

बाबा खाली वस्तीतल्या पत्र्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी उकरलेली माती हातानं परत लोटली. "नको. तिला चालायचं नाही."

झाडं गेली. खड्डे भरून माती ठोकून बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाबा पुन्हा बाटली भरताहेत.

"आता कशाला, बाबा?"

"चल गं."

बांधावर पोचल्यावर ते फेरीला निघाले नाहीत. आईच्या दगडावर बसले, बाटली उघडली आणि ते पाणी स्वतःच प्यायले. मला बघवेना.

"बस की जरा," ते म्हणाले.

मला बसवेना. मी फेऱ्या मारत राहिले.