चार कार्ब्युरेटर

माझ्या कॉलेजातल्या मित्राच्या वडिलांकडे दोन सीटची एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती. डोळे अधू झाल्यावर काकांनी चालवणं सोडलं. तेव्हापासून मित्र कॉलेजातून आला की त्यांना अंधेरीहून जुहूला फिरवून आणायचा. गाडी गेटातून आत शिरली की काकांना आवाजावरूनच कळायचं, आणि बेल वाजायच्या आत त्यांच्या पायात चपला असायच्या. एरवी ते घराबाहेर पडत नसत.

मी विक्रोळीच्या चाळीतून कॉलेजला येणारा, घरातला पहिलाच. इंजिन मी पुस्तकातल्या आकृतीत पाहिलं होतं. प्रत्यक्ष उघडलेलं पाहिलं ते या गाडीचं. साल त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी असेल.

मित्राला शर्यतीत उतरायचं होतं. गाडीच्या चार सिलिंडरना मिळून पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा एकच कार्ब्युरेटर होता. तो काढून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर द्यावा, असं त्याच्या मनात होतं. कुर्ल्याच्या भंगारात मोटारसायकलचे चार मिळत होते.

"तू इंजिनीअर होणार ना? मग सांग, करू की नको?"

असं कोणी मला विचारण्याची मला सवय नव्हती. मी बराच विचार केला. हवेची वाट सरळ आणि आखूड होणार, पेडल दाबताच इंजिन उसळणार, वरच्या वेगात ताकद वाढणार. पण कमी वेगात ते अडखळणार आणि चारही कार्ब्युरेटरच्या झडपा सारख्या उघडताहेत की नाही हे सतत बघावं लागणार. मी दोन्ही बाजू सांगितल्या.

"शर्यतीत हळू कोण चालवतं, यार?" तो म्हणाला. ते मलाही पटलं.

काका एवढंच म्हणाले, "गाडी आता तुझी. मला काय विचारतोस?"

मरोळच्या एका गॅरेजात आम्ही काम केलं. रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, आणि चौघांचा हवा ओढण्याचा आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचे. त्या दिवसांत मी फार खुशीत होतो. जुना कार्ब्युरेटर भंगारवाल्यानं बदल्यात घेतला. तो परत लागेल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

चाचणी आम्ही रविवारी सकाळी, मोकळ्या हायवेवर घेतली. गाडी अशी पळाली की आम्ही दोघं हसतच सुटलो.

संध्याकाळी काका बसले. अंधेरीच्या बाजारातल्या गर्दीत गाडी गचके खाऊ लागली, मधूनच फटाका फुटल्यासारखा आवाज करू लागली. काकांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून ठेवला होता, असं मित्रानं मला नंतर सांगितलं. घरी आल्यावर ते म्हणाले, "छान झालीय." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज नको रे, गुडघा दुखतोय." मग गुडघा रोजच दुखू लागला.

आम्ही सगळं शर्यतीच्या हिशेबानं तोललं होतं. शर्यत एकदाच व्हायची होती. काका रोज बसायचे.

शर्यतीत मित्र मधल्याच कुठल्यातरी नंबरावर आला. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तो म्हणाला, "गुडघ्याचं काही नाही रे. मीच वाट लावली." जुना कार्ब्युरेटर शोधायला आम्ही कुर्ल्याला गेलो, पण तो कधीच विकला गेला होता. शेवटी दुसऱ्याच एका गाडीचा बसवला. इंजिन पुन्हा मऊ चालू लागलं.

"तू वर बाबांजवळ बस," मित्र मला म्हणाला. "काही सांगू नकोस. आवाज ऐकून त्यांचं त्यांना कळू दे."

मी काकांसमोर चहा घेत बसलो. गाडी गेटातून आत आली. एकही गचका नाही, फटाका नाही. फक्त आवाज जरा घोगरा होता, पूर्वीचा नव्हता.

काकांनी खिडकीकडे कान दिला. थोडा वेळ ऐकत राहिले.

"खालच्यांकडे कोणीतरी पाहुणे आलेत वाटतं," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले.

बेल वाजली तेव्हा त्यांच्या चपला दाराशीच होत्या.