डोडोमाचा एक मार्क

फोन वत्सलाच्या सुनेचा होता. "काकू, आई गेल्या. सकाळी चहा मागितला, मी कप घेऊन आले तर..." मी फोन ठेवला, गॅस बंद केला, निवडायला घेतलेली मेथी झाकून ठेवली आणि मग निघाले. मला कामं क्रमानं करायची सवय आहे. रडू तिसऱ्या दिवशी आलं.

नातवंडांनो, तुम्ही त्या आठवड्यात फोनवर विचारलंत, ही वत्सलाआजी कोण? तुम्ही इतके लांब आहात की तिची ओळख करून द्यायला मला आफ्रिकेवरून यावं लागणार आहे. हसू नका. तुमची आई हे वाचून दाखवेल, तेव्हा नकाशा जवळ घेऊन बसा.

वत्सला आणि मी परभणीजवळच्या एका शाळेत बरोबर होतो. ती भूगोल शिकवायची, मी इंग्रजी. गेलेल्या माणसाबद्दल लोक मृदू, मनमिळाऊ असं लिहितात. ती तशी नव्हती आणि मी तसं लिहिणार नाही. तिच्या घरी पुढच्या खोलीत जोसेफ नावाचा टांझानियाचा एक तरुण भाड्यानं राहत असे, शेतीचं शिक्षण घ्यायला आलेला. त्याच्या मुलखात ज्वारी होते हे कळल्या दिवसापासून वत्सलानं त्याला घरचाच धरला. ती भाकरी थापायची आणि तो उंबऱ्यावर बसून मोडक्यातोडक्या हिंदीत त्याच्या डोडोमाबद्दल सांगायचा. कोरडं पठार, गुरं, शेळ्या, ज्वारी-बाजरी. नावाचा अर्थ म्हणे 'बुडालं ती जागा', कारण पाण्यावर आलेला एक हत्ती तिथं चिखलात रुतला होता. जर्मनांनी रूळ टाकले तेव्हा तिथं स्टेशन झालं, मग इंग्रज आले, पण राजधानी कायम समुद्रकाठी, दार-एस-सलामला, जिथं परक्यांची जहाजं लागत. देश स्वतंत्र झाल्यावर काही वर्षांनी तिथल्या पक्षानं गावोगावच्या शाखांना विचारलं आणि ठरवलं की राजधानी परक्यांच्या सोयीची नको, देशाच्या मध्यावर हवी. म्हणजे डोडोमाला.

वत्सलाला हे फार आवडलं. "बघ की गं, आपल्यासारखंच गाव," ती मला म्हणाली. "आपल्याला आधी म्हणायचे हैदराबादला जा, आता म्हणतेत मुंबईला जा. ह्यांनी राजधानीलाच सांगितलं, तू ये इकडं!"

अर्थात, ठरलं तरी झालं नव्हतं. पैसा अपुरा होता, आणि मंत्री, कचेऱ्या, परदेशी वकिलाती समुद्रकाठ सोडायला तयार नव्हत्या. तो सगळा पसारा दार-एस-सलामलाच राहिला, आणि आमच्या शाळेतलं भांडण तिथूनच सुरू झालं.

सहामाहीच्या पेपरात टांझानियाची राजधानी विचारली होती. वत्सलाच्या वर्गानं डोडोमा लिहिलं. वरून आलेल्या उत्तरसूचीत दार-एस-सलाम होतं. तिनं सगळ्यांना मार्क दिले, आणि विस्तार अधिकारी तपासणीला आले.

"बाई, सूचीप्रमाणं मार्क द्या."

"सूची चुकलीय साहेब."

"सरकार कुठं बसतं तिथलं? दार-एस-सलामला ना? मग?"

"तुमी आत्ता आमच्या शाळेत बसलाव. म्हणून तालुक्याची कचेरी इथं आली का?"

शिक्षक खोलीत कुणीतरी हसलं. तेवढंच निमित्त झालं. साहेबांनी लेखी हुकूम काढला, मार्क कमी करा. वत्सलानं पेपर त्यांच्यापुढं सरकवले. "लोकांनी ठरवली ती राजधानी. मंत्र्यांना धुळीत जायचा कंटाळा, म्हणून मी लेकरांचे मार्क कापू व्हय?"

मग तो गठ्ठा माझ्याकडे आला.

मी कापले. नियम आहे, असं मनाशी म्हणत, लाल पेन्सिलीनं, एकेक मार्क, प्रत्येक बेरीज दोनदा तपासून. वत्सला समोर बसून शेंगा सोलत होती. "नीट काप गं," ती म्हणाली. "तुझं अक्षर चांगलंय."

पुढच्या वर्षी तिची बदली राणीसावरगावच्या बाजूला झाली. दोन एसट्या बदलून जावं लागे. मुख्याध्यापिकेची जागा आली तेव्हा तिला म्हणे माफीचं पत्र लिही असं सुचवण्यात आलं. तिनं लिहिलं नाही. मला मात्र एक पोस्टकार्ड आलं, एकाच ओळीचं: "इथल्या लेकरांनाही डोडोमाच सांगितलं."

काळ गेला. तिथली संसद डोडोमाला गेली. आम्ही दोघी निवृत्त झाल्यावर सगळं सरकारच हललं, राजधानीचा कायदाही झाला. मी पेपरात वाचून लगेच फोन केला. "वत्सला, तू बरोबर ठरलीस!"

"ठरले? मी तवाबी बरोबरच होते की. तुमी लोक आता पोचायलाव."

मला तेव्हा त्या पेन्सिलीबद्दल बोलायचं होतं. शब्द जुळवत होते, तेवढ्यात तिनं विचारलं, "गुडघे कसे हायत तुझे?" ...आणि ते राहिलं.

शोकसभा शाळेतच झाली, मुलांच्या बाकांवर दाटीवाटीनं बसून. ते अधिकारी काठी टेकत आले होते, चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "वत्सलाबाई काळाच्या पुढं होत्या." सगळ्यांनी माना हलवल्या. माझं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत नव्हतं, पण मी उभी राहिले.

"पुढं नव्हती साहेब. वेळेवर होती. उशीर तुम्हाला झाला, आणि मला."

तेवढ्यात मागून सुमन उठली. त्या वर्गातली मुलगी, आता नातवंडांची आजी, अजूनही शेरडं राखते. "मंग साहेब," ती म्हणाली, "माझा एक मार्क हाय तुमच्याकडं. द्या की."

लोक हसले. मला हसता आलं नाही. "त्यांच्याकडे नाही सुमन, माझ्याकडे आहे. मी कापला होता."

ती माझ्याकडे वळली. "इंग्रजीच्या बाई, तुमी? मला वाटलं, तुमी बाईंच्या मैतरीण हाव."

"आहे," मी म्हणाले. "म्हणून परत करायला उभी आहे."

"मंग लिहून द्या," सुमन म्हणाली. "तोंडी कोण ऐकतंय? बाईंनी लिहूनच मागितलं असतं."

तिथं माझ्याकडे कागद नव्हता. म्हणून शाळेच्या या स्मरणिकेत लिहिते आहे, छापील, सही करून, सुमनसाठी आणि त्या वर्गातल्या प्रत्येकासाठी. टांझानियाची राजधानी, डोडोमा. उत्तर तेव्हाही बरोबर होतं. एकपैकी एक.