तुळशीपुढची तपकिरी काच

ठाण्यात कोपरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. शनिवारी संध्याकाळी एकच बिअर पितात, तीही बाटली हातात फिरवत, सोनार दागिना बघतो तशी बघत. "कच्चा माल आहे, साहेब. आधी रिकामा करायला नको?" असं वर मलाच विचारतात.

रविवारी त्या तपकिरी बाटलीचं लेबल भिजवून काढतात, बूड कापतात, आणि कड पॉलिश पेपरने घासून स्वतःच्या गालावर फिरवून बघतात. वारा लागू नये म्हणून पणतीवर ठेवायच्या या काचा नौपाड्यातल्या प्रदर्शनात विकल्या जातात. पगाराला तेवढाच हातभार.

आमच्या गॅलरीत तुळशीपुढे आई दिवा लावते, तो वाऱ्याने सारखा विझायचा. गेल्या आठवड्यात तिने त्यांच्याकडे काच मागितली, तर यांनी सरबताची पांढरी बाटली कापून आणली. खाली बघत म्हणाले, "काकू, ही सरबताची आहे. त्या दुसऱ्या तुळशीपुढे नकोत."

आईने काच हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. "मला तपकिरीच दे रे. तिच्यातून उजेड मधासारखा पडतो. आणि दिवा कुठे पितोय?"

ते चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. मग जिन्यातून वळून म्हणाले, "या शनिवारची तुमची, काकू."

शनिवारी मी सहज खाली डोकावलो. ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाटली उघडायला बसले होते.