कुलपातले लाल ग्लोव्हज

सुमीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात एका सभेचं पत्रक तपासत बसले होते. चार वर्षांनी तिचा आवाज ऐकत होते. "गफूर वस्ताद गेले. सकाळी. आता तरी येतीस, का तिथूनच एखादा कागद काढतीस?" एवढं बोलून तिनं फोन ठेवला. मी माझ्या गावी, भूमला पोचले तोवर दफन झालं होतं. त्याला आता सहा आठवडे होत आले. हा लेख मी चारदा लिहायला घेतला आणि चारही वेळा वस्तादांच्या गुणांपासून सुरुवात केली. माझ्या चुकीपासून सुरुवात करायचं धाडस होत नव्हतं…

वस्ताद बाजाराच्या मागं ट्रॅक्टर-जीपच्या सीटा शिवायचे. तरुणपणी फौजेत ते बॉक्सिंग शिकले होते. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी ताडपत्रीची जाडजूड बॅग शिवून, तिच्यात चिंध्या ठासून, ती लोखंडी तुळईला टांगली होती. संध्याकाळी पाच ते सात, जो येईल त्याला शिकवायचे. मी तेव्हा अकरावीत होते. माझे बाबा चळवळीतले. मी अक्षरं शिकले तीसुद्धा घरातल्या पत्रकांवरून. अन्याय दिसला की लिहायचं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. लिहिण्याआधी विचारायचं, हे मात्र मी शिकले नव्हते.

पहिल्याच दिवशी मी पेटीतल्या नव्याकोऱ्या लाल ग्लोव्हजकडं बोट दाखवलं. वस्ताद हसले. "चपला घ्याय आलीस का बेटा, रंग बघून?" आधी त्यांनी माझ्या हातांना कापडी पट्ट्या गुंडाळल्या. "माप पट्टीवरच बघायचं. मूठ पुरी मिटली पायजे आन् मनगट हालाय न्हाय पायजे." मग त्यांनी मला दहा औंसाचे जुने काळे ग्लोव्हज दिले, दोनदा रेक्झिननं सांधलेले, दगडासारखे कडक. बॅगवर मारायला हेच. लाल जोड्या दोन होत्या, सोळा औंसाच्या. त्या फक्त रविवारी, दोघं समोरासमोर खेळताना बाहेर निघायच्या. का, तेही वस्तादांनी त्या दिवशी सांगितलं होतं. पण माझं सगळं लक्ष त्यांनी पेटीला पुन्हा घातलेल्या कुलपाकडं होतं.

सुमी जवळच्या ईट गावाहून एसटीनं यायची. तिच्या घरी मेंढरं. आम्ही दोघी चार महिने काळे ग्लोव्हज घालून बॅगच बडवत होतो. रविवारी लाल ग्लोव्हज चढायचे ते एका कापड दुकानदाराच्या मुलाच्या आणि एका फौजदाराच्या मुलाच्या हातात. ते दोघं आमच्या दोन वर्षं आधीपासून येत होते. हे मला ठाऊक होतं. ते मी पत्रकात लिहिलं नाही.

'एका शेडमध्ये दोन न्याय का?' असा मथळा. पैसेवाल्यांच्या पोरांना मऊ गादी आणि मेंढपाळाच्या लेकीला चिंध्या, असा मजकूर. सुमीचं नावही घातलं, तिला न विचारता. आठवडी बाजारात आणि एसटी स्टँडवर पत्रकं वाटली. उरलेला गठ्ठा मी स्वतः नेऊन वस्तादांच्या शिलाई मशीनवर ठेवला. पाठीमागून वार करायचा नाही, हे माझं तत्त्व होतं ना! वस्तादांनी चष्मा लावून पत्रक हळूहळू वाचलं. "छापलंय मातुर सुबक," एवढंच म्हणाले. मग खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "आजपास्नं पेटी उघडी."

दोन महिने आम्ही सगळ्यांनी लाल ग्लोव्हज घालून बॅग बडवली. मला वाटायचं, समता आली. एका रविवारी मी आणि सुमी खेळायला उभ्या राहिलो तर वस्तादांनी अडवलं. "आज न्हाय. आतला फोम पार बसलाय." मी फटकन म्हणाले, "आमची पाळी आली की बरा फोम बसतो!" तेवढ्यात कुणी जीपवाला आला म्हणून ते पुढं दुकानात गेले. सुमी कुजबुजली, "वस्ताद नगं म्हनले ना गं." मी म्हणाले, "घाल." तिनं घातले…

माझ्या उजव्या हाताच्या ठोशानं तिची भुवई फुटली. टाके पडले. तिचे वडील न्यायला आले तेव्हा मी भिंतीला चिकटून उभी होते. वस्ताद पुढं झाले. "माझी चूक. पेटी म्या उघडी ठिवली." मी तोंड उघडलं नाही. सुमी परत शेडमध्ये आली नाही.

सगळे गेल्यावर वस्तादांनी माझा डावा अंगठा धरून माझ्या उजव्या हातातल्या लाल ग्लोव्हवर दाबला. आत मऊ काही उरलंच नव्हतं, थेट माझ्याच बोटांची हाडं लागली. "बॅगला दुखत न्हाय बेटा, तिला कडक चालतो. ह्यो मऊ आपल्या हातासाठी नसतो. समोरच्याच्या तोंडासाठी असतो. बॅगवर बडवला की बसतो, म्हनून कुलूप." आणि माझ्या हातातला ग्लोव्ह काढत, "लिवलंस झ्याक. पन इचारलं असतंस तर…"

मी त्यांना म्हणाले, चूक कबूल करणारं पत्रक काढते. मसुदाही केला. पण लोक हसतील, चळवळीचं नाव जाईल, असं स्वतःला सांगत तो वहीतच ठेवला. खरं तर नाव माझं जाणार होतं. पुढं शिकायला पुण्याला गेले. सुट्टीत भूमला आले की बाजाराच्या मागचा रस्ता टाळून, वळसा घालून घरी जायचे.

परवा चाचींनी, म्हणजे वस्तादांच्या पत्नीनं, मला आणि सुमीला शेड उघडून दिली. पेटीला कुलूप होतं. आत दोन्ही लाल जोड्या. शिवण उसवून त्यांत नवा फोम भरलेला, वरून सीटा शिवायच्या जाड दोऱ्याचे टाके. घाम शोषला जावा म्हणून वस्ताद नेहमी ग्लोव्हजमध्ये कागदाचे बोळे कोंबून ठेवत. मी एक बोळा ओढून उलगडला. 'एका शेडमध्ये दोन न्याय का?'

"तुझाच गठ्ठा," चाची म्हणाल्या. "चार साल पुरला. जाड कागद हाय, पानी चांगलं वढतो म्हनायचे."

"लई रागावले होते का माझ्यावर?"

"राग कसला? म्हनायचे, पोरगी खरी हाय. दुसरा कागद घिऊन येईल."

हा तो दुसरा कागद. ज्यांच्या मशीनवर तो ठेवायचा होता, ते आता नाहीत.

मी ग्लोव्हवर अंगठा दाबला. खोल रुतला. सुमी दारात उभी होती, भुवईवर पांढरी रेघ घेऊन. मी ग्लोव्हमध्ये हात घालणार तोच ती म्हणाली, "आधी पट्टी बांध."