धुडकूभाऊंची लूमवरची बोली

बारा वर्षं आमची भिंत एक होती. त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका मला लागायचा. तरी धुडकूभाऊंच्या तोंडून बारा वर्षांत मी बारा वाक्यं ऐकली असतील तर शपथ. सकाळी ओट्यावर दिसले की मान हलवायची, हसायचं आणि डबा घेऊन चालू पडायचं. मी म्हणायची, हा माणूस एक तर घुमा आहे नाहीतर शिष्ट तरी आहे. माझं हे म्हणणं साफ चुकलं होतं. आता आनंदीबाई स्वतःच्या तोंडानं चूक कबूल करतेय म्हणजे गोष्ट तशीच असणार, एवढं समजून ऐका.

ही शहाण्णव सालची गोष्ट. आम्ही सुरतला पांडेसऱ्यात राहतो. आम्ही भुसावळकडचे, जयभीमवाले, माझे मालक रेल्वेत. धुडकूभाऊ अमळनेरकडचे पाटील. मिसरूड फुटायच्या वयात लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, आले आणि तिथंच केस पिकवले. एका शेडमध्ये साठ-सत्तर लूम, एकेका कारागिराकडे आठ-आठ, आणि बारा तास नुसती खटखट. मी एकदा शेडच्या रस्त्यानं गेले होते तर घरी येईपर्यंत दात हलत होते. त्यांची बायको उषाबाई आणि एकुलती पोरगी गायत्री. घरात अहिराणी, माझ्याशी मराठी, नळावर हिंदी आणि भाजीवाल्याशी गुजराती, असं आमच्या गल्लीत सगळ्यांचंच चालायचं. गायत्री तर एकाच वाक्यात तिन्ही-चारी बसवायची आणि वर मलाच म्हणायची, "मावशी, तुम्ही किती मिक्स बोलता!"

पोरगी हुशार. मास्तरकीच्या कोर्सला होती, दोन वर्षांचा कोर्स, पैकी पहिलं वर्ष संपत आलेलं. संध्याकाळी गल्लीतली शेंबडी पोरं गोळा करून ओट्यावर पाढे म्हणून घ्यायची. मला सही करायला तिनंच शिकवलं. त्याआधी मी अंगठेबहाद्दर होते, लपवायचं कशाला.

तर धुडकूभाऊंचं सांगत होते. प्लेगच्या साली सगळी गल्ली बोचकी बांधून गावाकडे पळाली. भोंग्याची गाडी ओरडत फिरत होती, बाया रडत होत्या, आणि हा माणूस ओट्यावर निवांत मुगाच्या शेंगा सोलत बसलेला! आम्ही म्हटलं, काय छाती आहे बुवा. उषाबाईनं हाताला धरून ओढलं तेव्हा उठले. म्हणाले, "गल्ली आज एवढी रिकामी कशी?" आम्ही किती दिवस तेवढ्यावर हसलो. कुणाच्या डोक्यात आलं नाही की त्यांना गाडीचा भोंगा ऐकूच आला नसेल.

त्या वर्षी होळीच्या सुमारास गायत्रीला स्थळ आलं. निंबाआप्पा म्हणून त्यांच्या गावाकडचे एक वडीलधारे, त्यांनी आणलेलं. मुलगा बारडोलीकडे साखर कारखान्यात, वडील शालिग्रामभाऊ. रविवारी बोलणीला आले. पुढच्या खोलीत पुरुष, आत चुलीजवळ आम्ही बाया. पोरीनं चहा द्यायचा, पाया पडायचं आणि आत यायचं, ही तिथली रीत. तिचं मत कुणी विचारत नाही, अन् तिनंही ते बैठकीत सांगायचं नसतं. जे बोलायचं ते बापानं.

शालिग्रामभाऊ माणूस वाईट नव्हता. पण मिशी अशी दाट की वरचा ओठ शोधावा लागेल, आणि तोंडात तंबाखू. ते म्हणाले, "आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावरच, लग्न उरकून घेऊ. आमच्याकडे बाईमाणूस कमी आहे, तेव्हा पोरीचं शिक्षण आता पुरे. चालेल ना?"

आत गायत्रीच्या हातातली चहाच्या पातेल्याची पकड तशीच राहिली. मी पडद्याच्या फटीतून बघतेय. धुडकूभाऊ हसले, मान हलवली आणि म्हणाले, "हो, हो."

पुढच्या रविवारी सुपारी फोडायची असं ठरवून मंडळी उठली. सुपारी फुटली की सोयरीक पक्की, मग मागे फिरणं नाही.

पाहुणे गल्लीच्या टोकाला पोचेस्तोवर पोरीनं दम धरला. मग बापाच्या पाठीमागे उभी राहून बोलली ते बोललीच. "आप्पा, तुम्हीच मला कोर्सला घातलं ना? मग हो कसं म्हणालात? माझं एक वर्ष राहिलंय फक्त!" धुडकूभाऊ पाठमोरे बसून कंदिलाची काच पुसत होते. वळलेसुद्धा नाहीत. पोरगी ढसाढसा रडली आणि हा माणूस काच पुसतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्याच्या घरात किती बोलावं म्हणून मी ओठ चावून घरी आले, पण त्या दिवशी माझ्या हातची भाकरी धड भाजली नाही.

दुसऱ्या दिवशी धुडकूभाऊ डबा विसरून कामावर गेले. मी गायत्रीला म्हटलं, "चल, मीच येते. डबा पण देऊ आणि चार माणसांत जाबही विचारू."

दुपारची वेळ. शेडच्या दारात पोचलो आणि ती खटखट अंगावर आली. मी गायत्रीच्या कानात ओरडले तरी तिला कळेना. आणि आत बघते तर काय, आमचे धुडकूभाऊ बोलत होते!

तोंडानं नव्हे हो, हातांनी. दोन बोटं कात्रीसारखी उघडली की पलीकडचा कारागीर लगेच सुताची तुटलेली तार सांधायला धावायचा. मूठ फिरवून तळवा पालथा केला की बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपला. खांदा दोनदा थोपटला की मास्टर, म्हणजे शेडचा मुकादम, येतोय, सावध. आणि कामाचंच नाही, गप्पा! भुवया उडवत, गाल फुगवत ते कसलीशी गोष्ट सांगत होते आणि चार लूम पलीकडची माणसं पोट धरून हसत होती. हसण्याचा आवाजसुद्धा येत नव्हता, नुसती हलणारी पोटं. बारा वर्षांत जो माणूस मला घुमा वाटला, तो त्या शेडमधला सगळ्यात बोलका माणूस निघाला.

आमच्या समाजातला चंदू तिथं कामाला होता. तो आम्हाला बघून बाहेर आला आणि भिंतीच्या आडोशाला घेऊन गेला. मी तिथंच तोफ डागली, "काय रे, तुझे हे धुडकूभाऊ इथं एवढे बोलतात आणि घरी पोरीला उत्तर देत नाहीत?"

चंदू गोंधळला. "आनंदीताई, भाऊंना सहा-सात वर्षं झाली, ऐकू येत नाही. तुम्हाला माहीत नाही?"

गायत्रीनं वळून शेडच्या दारातून बापाकडे बघितलं.

"लूमनं कान गेले," चंदू म्हणाला. "इथं काही अडत नाही. इथं कुणालाच ऐकू येत नाही. घरचं ते ओठांवरून काढतात. कुणाला सांगू नको, अशी मला शपथ घातलीय त्यांनी. म्हणतात, बहिऱ्याच्या घरात सोयरीक कोण करील? लोक उद्या पोरीच्या कानांची पण शंका घेतील."

मला कुणी मुस्काटात मारल्यासारखं झालं. त्या दाट मिशीवरून काय कपाळ ओळखणार होता तो बिचारा? आणि नाही कळलं, परत सांगा, असं म्हटलं असतं तर भेद उघडा पडला असता. म्हणून सगळ्याला हो.

आत धुडकूभाऊंचे हात अजून चालूच होते. गायत्रीनं विचारलं, "आता काय सांगताहेत ते?"

चंदूनं मान वाकडी करून बघितलं आणि हसला. "रोजचंच. हवेत खडूनं लिहितात ना, ती खूण त्यांनीच काढलीय. मास्तरीण. पुढच्या वर्षी माझी पोरगी मास्तरीण होईल. तिला माझ्यासारखे हात हलवावे लागणार नाहीत. ती बोलेल आणि अख्खा वर्ग ऐकेल."

मग मला रडू आवरेना. गायत्री रडली नाही. ती सरळ आत गेली, लूमच्या त्या बाजूला जाऊन बापाच्या समोर उभी राहिली आणि ओठ नीट उघडून, सावकाश, काल काय ठरलं ते सगळं सांगितलं. धुडकूभाऊंचे हात खाली आले. त्यांच्या एका लूमची तार तुटली होती, त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी उषाबाईला कळलं तेव्हा ती आधी रडली आणि मग भांडली. "म्हणजे इतकी वर्षं मी भिंतीशी बोलत होते का?" असं समोर उभी राहून, त्यांना दिसेल असं भांडली. बिचारी दर वाक्याला त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवून घ्यायची. मग निंबाआप्पांना निरोप पाठवून बोलणी थांबवावी असं मी सुचवलं. धुडकूभाऊ नको म्हणाले. "हो मी म्हटलं, तर नाही पण मीच म्हणायला पाहिजे. समोरासमोर."

तो आठवडाभर आमच्या ओट्यावर काय शाळा भरली म्हणून सांगू! पाढे बंद आणि खुणा सुरू. बाप मास्तर, पोरगी विद्यार्थी. मीही दाण्याचं सूप घेऊन शेजारी बसायची, मला पण थोडं थोडं यायला लागलं. अंगठा ओठाला लावला की चहा. तळवे इकडून तिकडे धोट्यासारखे पळवले की चालू दे. तळवा दाबला की बंद कर. उषाबाईला आधी लाज वाटायची. शनिवारी तिनं नळावरूनच नवऱ्याला हातानं दम भरला आणि आख्ख्या गल्लीनं बघितलं.

रविवार उजाडला. मंडळी आली. मधोमध तबकात सुपारी, कुंकू, नारळ. गायत्री चहा घेऊन गेली, पाया पडली. रीतीप्रमाणे तिनं आत यायचं. ती आत आली नाही. शालिग्रामभाऊंच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून, रिकामा ट्रे घेऊन उभी राहिली. निंबाआप्पांनी एकदा डोळे वटारले. मी पडद्याआडून तिचा पदर धरून ठेवला, म्हणजे कुणाला वाटावं की बाईच थांबवतेय.

शालिग्रामभाऊ बोलू लागले. गायत्रीची बोटं ट्रेच्या कडेला हळूच हलत होती आणि धुडकूभाऊ पाहुण्यांच्या डोक्यावरून बघत होते. तारीख, मांडव, पंगती, प्रत्येकाला ते बरोबर उत्तर देत गेले. मग शालिग्रामभाऊ सुपारी पुढे सरकवत म्हणाले, "शिक्षणाचं मागेच ठरलंय. मग फोडायची ना?"

धुडकूभाऊंनी मान हलवली नाही. त्यांनी हात वर केला, पोरीकडे बघितलं आणि तळवे इकडून तिकडे फिरवले. मग तळवा दाबला. चालू ठेवू की बंद करू?

पाहुण्यांना वाटलं, माशी हाकलताहेत.

त्या खोलीत पाच पुरुष बसले होते आणि त्यातल्या एकानं सगळ्यांच्या देखत पोरीला तिचं मत विचारलं होतं. आठवडाभर फटाफट बोटं चालवणारी गायत्री दगडासारखी उभी. मी पदर ओढला. अगं, बोल ना! मग तिनं ट्रे खाली ठेवला. हात उचलला आणि हवेत, खडूनं फळ्यावर लिहावं तसं, सावकाश लिहिलं.

धुडकूभाऊ उठून उभे राहिले. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, त्यामुळे तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"शालिग्रामभाऊ, मले ऐकू येत नही! सात वरीस व्हयनात. त्या दिन मी न ऐकताच हो म्हनी टाकं, ती मन्ही चूक. मन्ही आंडेर आधी मास्तरीन व्हई. थांबनं व्हई ते थांबा, नही ते राम राम!"

आंडेर म्हणजे लेक, हे तिथं कुणाला सांगायला नको होतं. निंबाआप्पांनी कपाळाला हात लावला. शालिग्रामभाऊंनी मिशीवरून हात फिरवला, मागे वळून गायत्रीकडे बघितलं आणि ज्याची धुडकूभाऊंनी सात वर्षं धास्ती घेतली होती तेच विचारलं, "पोरीला तरी नीट ऐकू येतं ना?"

"येतं, काका," गायत्री म्हणाली. "त्या दिवशी पण सगळं ऐकलं होतं मी."

मंडळी चहा तसाच ठेवून गेली. सुपारी तबकात अख्खी राहिली. शेजारच्या दारांत माणसं गोळा झाली होती. लपवलेलं आता सगळ्या पांडेसऱ्याला ठाऊक झालं होतं. उषाबाई पदरानं डोळे पुसत कप गोळा करायला लागली.

धुडकूभाऊ खाली बसले. लोकांची तोंडं दारातून हलताना दिसत होती, त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. त्यांनी गायत्रीला जवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात बोलायला गेले, तरी ते मोठंच आलं.

"मी फार जोरमा बोलनू का वं?"

गायत्री त्यांच्या पुढ्यात बसली, ओठ दिसतील अशी.

"नही आप्पा," ती म्हणाली. "सर्वासले ऐकू उनं."