आईचे पाय कसे आहेत?

मावशी खुर्चीला कधी टेकून बसली नाही. खुर्चीच्या कडेवर बसायची, उठायच्या बेतात. चहा अर्धा झाला की कपावर बशी झाकायची आणि विसरून जायची. गुडघे दुखले की गुडघ्यांनाच दटावायची. लहान मुलाशी बोलताना जमिनीवर बसायची. साहेब आले तरी उठायची नाही. रडणाऱ्या मुलाला 'रडू नकोस' म्हणायची नाही. "रड हो, मी आहे इथे," म्हणायची आणि रुमालाची घडी उलगडायची. हरवलेल्या मुलाला नाव अगदी शेवटी विचारायची.

आधी विचारायची, "आईचे पाय कसे आहेत?"

आमची निळ्या पत्र्याची केबिन समुद्रकिनाऱ्यावर आहे. शहर बघायला आलेली कुटुंबं दीपगृह, होडी, मत्स्यालय असं सगळं उरकून शेवटी इथे येतात. दमलेली असतात. पोरं हातातून सुटतात. सापडलेली पोरं केबिनमध्ये आणतात, आणि आम्ही माईकवरून त्यांच्या घरच्यांना पुकारतो. मावशीनं हे काम बावीस वर्षं केलं. साहित्यात एम.ए. करून, बरी नोकरी मिळेपर्यंत म्हणून, मी माईकवर बसले. त्याला दोन वर्षं झाली.

मावशी मंगळवारी गेली. घरी, झोपेतच. अठ्ठावन्न वर्षांची होती. सोमवारी मला म्हणाली होती, उद्या माईकची वायर बदलायला सांग. मी अजून सांगितलेलं नाही.

माझ्या कामाच्या पहिल्या दिवशी मी तिला विचारलं होतं, "मावशी, आधी नाव नको का विचारायला? आईचं तरी?"

"त्याला विचारलंस तर सांगेल, आई. सगळ्यांच्या आईचं नाव आईच असतं. त्याच्या उंचीवरून काय दिसतं ते बघ. बस खाली."

मी खाली बसले. दारातून पाय दिसत होते. वाळूत सगळे अनवाणी. जाड, बारीक, ओले, घाईतले. आपल्या आईचे पाय मुलांना पाठ असतात. मग मावशी माईक ओढून घ्यायची. "डाव्या अंगठ्याचं नख काळं आणि घोट्यावर तीळ असलेल्या आईनं निळ्या केबिनपाशी यावं. तुमचा मुलगा बिस्किट खातोय."

अख्खा किनारा खाली बघायचा.

"ते टक्कलवाले काका बघ," मावशी मला कोपरानं ढोसायची. "स्वतःचा अंगठा तपासतायत. अहो, आई म्हटलंय मी!"

माझ्या घोषणा लांबायच्या. एकदा मी सदऱ्याच्या रंगाला लाटांची उपमा दिली. मावशीनं माईक बंद केला. "एमेबाई, पोरगं सापडायचंय. बक्षीस नाही मिळवायचं."

तिला एक मुलगा. रविवार, सुट्ट्या, जेव्हा लोक पोरांना घेऊन फिरायला निघतात, तेव्हा ती केबिनमध्ये. तो शेजारणीकडे वाढला. आता आठ तासांवरच्या शहरात राहतो. दर शुक्रवारी फोन करायचा. तब्येत, हवा, बास.

एकदा माईक पुसता पुसता ती म्हणाली, "मागे मुलगा काय म्हणाला माहितीये? आई, जगाची पोरं सांभाळलीस. मला एकदा तरी समुद्रावर नेलंस? घरापासून वीस मिनिटांवर समुद्र, गं. खोटं नाही बोलला."

तिनं माईक पुन्हा पुसला.

या उन्हाळ्यात तो यायला तयार झाला. बायको आणि चार वर्षांची मुलगी घेऊन. एकच रविवार. मावशीनं बावीस वर्षांत पहिल्यांदा रविवारची रजा मागितली.

"रविवारी?" साहेब म्हणाले. "मावशी, बुधवारी घ्या की. बुधवारीही समुद्र असतो."

"समुद्र असतो हो, साहेब. मुलगा नसतो."

रजा मिळाली. तिनं वहीच्या पानावर बेत लिहिला. नऊला दीपगृह, अकराला होडी, जेवण, तीनला मत्स्यालय, मग वाळू. तिनं स्वतः यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. मलाच विचारायची.

"दीपगृहाला पायऱ्या किती?"

"एकशे चाळीस."

"गुडघ्यांना आत्ताच सांगून ठेवते." मग म्हणाली, "हे बघ. त्या दिवशी काहीही झालं तरी मला बोलवायचं नाही. एकदा उठून गेले ना, तर तो परत यायचा नाही."

त्या रविवारी साडेतीनलाच ते चौघं वाळूत दिसले. केबिनपासून दोनशे पावलांवर, खडकांपाशी. मत्स्यालय सोडून दिलं असावं. मावशी बसलेली, नात तिच्या पायांपाशी काहीतरी करतेय, मुलगा चेंडू हातात घेऊन उभा.

सव्वाचारला एक मुलगी आणून बसवली. तीनेक वर्षांची, पिवळा फ्रॉक. नाव सांगेना. आईचे पाय विचारले तर डोळे मिटून घेतले. अर्धा तास गेला. ती रडतही नव्हती. त्याचीच मला भीती वाटली.

"मावशीला हाक मारू का?" आमचा जीवरक्षक म्हणाला. त्याला आम्ही शिट्टी म्हणतो. "समोरच तर बसलीये."

"नाही."

मी माईक घेतला. फ्रॉकचा रंग सांगितला, वय सांगितलं. माझा आवाज कापला. तिकडे मावशीची मान वळली. अंग पुढे झुकलं. मुलानं चेंडू खाली ठेवला. मला इतक्या लांबूनही कळलं, तो तिच्याकडे बघत होता.

मी तेच पुन्हा सांगितलं, आवाज सावरून.

मावशी उठली नाही.

मग मी जमिनीवर बसले. चपला काढल्या. पाय मुलीसमोर लांब केले. तिनं डोळे उघडले, माझे पाय पाहिले, नकारार्थी मान हलवली. नंतर माझ्या टाचेवर बोटानं रेघ ओढली. आणखी एक. खूप रेघा.

"भेगा?" मी विचारलं. "कोणाच्या?"

"आजीच्या."

मी पुकारा केला. दोन मिनिटांत पाण्याकडून एक आजी लगबगीनं आली. नातीला छातीशी धरून आधी रडली. मग माझ्यावर उखडली. "अख्ख्या किनाऱ्याला माझ्या भेगा सांगायची काय गरज होती गं तुला?"

दुसऱ्या दिवशी मावशी हसतच आत आली. "भेगा बऱ्या सांगितल्यास हो, एमेबाई."

"तू ऐकलंस?"

"उठतच होते. पण नातीनं पाय पुरले होते माझे. घोट्यापर्यंत वाळू. म्हणाली, आजी, हललीस तर घर पडेल."

"आणि मुलगा?"

ती खुर्चीच्या कडेवरून जरा मागे सरली. "तो म्हणाला, जा आई, जायचं तर. लहानपणी म्हणायचा ना, अगदी तसंच, तोंड फिरवून. मी म्हटलं, नाही जात. घर पडेल. मग तो शेजारी येऊन बसला. आपले पाय पुढे केले. पोरीनं त्याचेही पुरले." तिनं डोळे पुसले. "एवढे मोठे झालेत गं त्याचे पाय. मला माहीतच नव्हतं."

मत्स्यालय राहिलं. त्यासाठी पुढच्या सुट्टीत ते पुन्हा येणार होते. मुलानं स्वतःहून सांगितलं होतं. आता तो रोज फोन करायचा, आणि केबिनमध्ये मावशी मोठमोठ्यानं बोलायची.

त्या रविवारी नातीचे कान उन्हानं लाल झाले होते. म्हणून मावशीनं तिच्यासाठी टोपी शिवायला घेतली. डोक्याचं माप मुलानं फोनवर सांगितलं. पन्नास सेंटीमीटर, आणि थोडी सैल ठेव. दोन पुकाऱ्यांच्या मध्ये ती चार टाके घालायची.

काल मी केबिनमधला तिचा ड्रॉवर उघडला. टोपी तिथेच आहे. पांढरी, सुती. डोक्याचा भाग पूर्ण झालाय. काठ एका कानापर्यंत दुमडून शिवलाय. त्याच्यापुढे टाचण्या लावल्यात, आणि शेवटच्या टाक्यापाशी सुई टोचलेली आहे, दोऱ्यासकट.